शेठच्या घरचा झुला

"आतमधी गेल्याबरोबर पयले मोठी खोली," रुख्माबाई सांगत होती. "आपलं आंगन आन् उदारामभाऊचं आंगन, दोन्ही मिळून जेवढं होईन तेवढी. खाली चटयाच चटया. म्या मोजल्या. चाळीस."

"मागच्या बारीले छत्तीस होत्या," धुरपताबाई म्हणाली.

"चार दुसऱ्या खोलीतल्या व माय. तू तं पकडूनच बसते."

ओसरीवर हशा पिकला. पाच-सहा जणी पाय पसरून बसल्या होत्या. मध्ये पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा ढीग, प्रत्येकीच्या पुढ्यात सूप नाहीतर ताटली. गोंदियाजवळच्या या कामठ्यात धान घरात येऊन पडलं की दुपारी बायकांना अशी जरा उसंत मिळते. त्यात यंदा रुख्माबाईची नूतन चौदा महिन्यांची आचल घेऊन जपानहून आली होती. शेंगा सोलणं हे नुसतं निमित्त.

नूतन स्वयंपाकघरात आचलसाठी वरणभात कुस्करत होती. 'चाळीस' कानावर पडलं आणि तिचा चमचा वाटीतच थांबला.

कारण रुख्माबाई त्या घराच्या आत गेलीच नव्हती.

"झुल्याचं सांग ना काकी!" उदारामकाकांची सून कुंता म्हणाली. तिने ही गोष्ट नक्कीच आधी ऐकलेली होती. लहान मुलं माहीत असलेलीच गोष्ट मागतात, तसा तिचा आवाज होता.

"झुला तं काय सांगू बाई! चांदीच्या कड्या. शेठानी त्या झुल्यावर बसे आन् बसल्या जाग्यावरून नोकराईले सांगे, हे पोतं इकडं लावा, ते तिकडं लावा. झुला हालला का वरतं घंटी वाजे. मंग मुनीम समजून जाये का बाई जाग्या आहेत."

"आन् शेठ?"

"शेठ बिचारा भायेर तांदूर मोजे."

पुन्हा हशा. नूतनने वाटी ओट्यावर ठेवली. जपानी घरात झुला कुठला? तिने ते घर खोली-खोली फिरून पाहिलं होतं. झुला नव्हता, घंटी नव्हती, चांदी तर नव्हतीच. आणि बायकांना झुल्याचं, मुनिमाचं सगळं पाठ होतं. म्हणजे आई हे वर्षभर सांगत आली होती. पिठाच्या गिरणीत, कुणाच्या बारशाला, कुणाच्या तेरवीला. न पाहिलेलं घर तिने एकटीने, खोलीला खोली जोडून बांधत आणलं होतं.

आणि नूतन फोनवर रोज विचारायची, "आई, काय चाललंय?" तर म्हणायची, "काई नाई. जेवलो, बसलो."

गोष्ट मागच्या वर्षीची. आचलच्या बाळंतपणासाठी रुख्माबाई तीन महिने नागोयाला गेली होती. घरातून पहिल्यांदाच इतकी लांब. आयुष्यात तिचा सर्वांत लांबचा प्रवास त्याआधी नागपूर, तोही बकारामच्या, म्हणजे नवऱ्याच्या, डोळ्याच्या ऑपरेशनपुरता. नागोयात तिने लेकीला मेथीचे लाडू केले, नातीला तेल लावलं, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हळू चालायला शिकली, कारण नूतन सारखी म्हणायची, "आई, हळू. खालच्यांना आवाज जातो."

नूतनला तिथे सगळ्याचीच धास्ती वाटायची. रात्रीतून चार वेळा उठून ती आचलच्या नाकाखाली बोट धरून बघे. कचरा चुकीच्या दिवशी तर ठेवला नाही ना, जिन्यात फोडणीचा वास तर जात नाही ना. कुठेही गेली तरी समोर काय आहे ते पाहायच्या आधी, कोणी आपल्याकडे पाहतंय का, हे ती पाहून घ्यायची. गोंदियाच्या कॉलेजात एमएस्सीला पहिली आलेली मुलगी; वर्गात हात वर करताना कधी कचरली नव्हती. तिकडे जाऊन काय झालं, कोण जाणे.

डिसेंबरात नूतनच्या नवऱ्याच्या, वीरेंद्रच्या, साहेबांनी, साकामोतोंनी, बोलावलं. दीड तासावर एक जुनी पेठ आहे, तिथे दोनशे वर्षांपूर्वीच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचं घर आहे, आता तिकीट काढून पाहायला ठेवलंय. तुमच्या सासूबाईंना घेऊन या, त्यांच्याकडेही धान पिकतं ना? साकामोतोंच्या पत्नीही येणार होत्या. नूतनने दोन दिवस आईची शिकवणी घेतली. मोठ्याने बोलायचं नाही. ढेकर द्यायचा नाही. कुणी वाकलं की वाकायचं. आणि मुख्य म्हणजे घरात शिरताना जोडे काढायचे.

"तं आपुन काय जोडे घालून जातो काय घरात?" रुख्माबाई म्हणाली होती.

सगळं शिकवलं. पाण्याचं सांगायचं राहून गेलं.

फाटकातून आत गेलं की छोटी बाग होती. शेवाळलेले दगड, एक वाकडं झाड, आणि घराच्या पायरीजवळ खोल कोरलेल्या दगडात पाणी. त्या पाण्यावर बांबूचा लांब दांड्याचा डाव आडवा ठेवलेला. साकामोतो तिकिटं काढत होते, वीरेंद्र त्यांच्या बाजूला, नूतन आचलला पोटाशी बांधून तिची टोपी सारखी करत होती. रुख्माबाईने शिकवल्याप्रमाणे बूट काढले. मोजे काढले, घडी करून बुटात खोचले. आणि दारापाशी पाणी पाहून तिचा चेहरा खुलला.

कामठ्यात पाहुणा आला की त्याला आधी गडवाभर पाणी देतात, पाय धुवायला. पाय धुतल्याशिवाय कुणी ओसरी चढत नाही, आणि पाणी दिल्याशिवाय कुणी 'या' म्हणत नाही. इतक्या दूर, इतक्या परक्या मुलखात, कुणीतरी दारात पाणी ठेवलं होतं. वर डावही ठेवला होता.

रुख्माबाईने लुगड्याचा काठ वर खोचला, डाव भरला आणि उजव्या पायावर ओतला. मग डाव्या. टाच दगडावर घासली. तिच्या तोंडून "हूं" असा समाधानाचा आवाजसुद्धा निघाला.

नूतनने वळून पाहिलं तेव्हा बागेतले सगळेच थांबले होते. सात-आठ माणसं, सगळी जपानी, सगळी गप्प. साकामोतो बाईंनी हातमोजा घातलेला हात तोंडावर नेला होता.

ते पाणी हात धुण्याचं होतं. हात आणि फार तर तोंड खळखळायचं, तेही अदबीने, चहाला येणाऱ्या पाहुण्यांनी. हे नूतनला माहीत होतं. तिने वाचलं होतं.

ती वाकली. पुन्हा वाकली. "माफ करा, माफ करा, त्या खेड्यातल्या आहेत, त्यांना कळत नाही," असं तिला येत होत्या तेवढ्या जपानीत म्हणत राहिली. तिकिटाच्या खिडकीतली बाई धावत बाहेर आली. तिच्या हातात टॉवेल होता आणि पांढरे कोरे मोजे होते. ती हसत होती. काही नाही, काही नाही, म्हणत होती. टॉवेल रुख्माबाईच्या पुढे धरून तिने हाताने घराकडे 'या' अशी खूण केली.

वीरेंद्र हळूच म्हणाला, "अगं, येऊ दे ना त्यांना. क्या फर्क पड़ता है?"

तेव्हा नूतनने ते केलं. ती त्या बाईला म्हणाली, "नको. आईचे गुडघे दुखतात. त्यांना आत पायऱ्या चढवणार नाहीत. त्या बाहेरच बसतील." शब्द नीट आठवेना म्हणून तिने स्वतःचा गुडघा दाबून दाखवला, तोंड वेडंवाकडं केलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, तू इथंच बस. पाय ओले आहेत तुझे. आत चटया आहेत."

रुख्माबाईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा तिच्या गुडघ्यावरच्या हाताकडे.

"बसतो," ती म्हणाली. "तुम्ही पाहून या."

आत त्यांना सव्वा तास लागला.

"आन् नूतन, तू काऊन आतमधीच व? ये ना भायेर," धुरपताबाईची हाक आली. "आमच्याशी बोलशीन तं इंग्रजी खराब होते काय?"

नूतन बाहेर आली. सवयीने तिची नजर आधी आचलवर गेली. पोरगी कुंताच्या मांडीवर बसून शेंगेचं साल चघळत होती. ते काढून घ्यावं, हात पुसावे, असं नूतनच्या मनात आलं आणि पर्समधले ओले कागद डोळ्यापुढे आले. ती तशीच खाली बसली.

"फोटू दाखव," धुरपताबाई म्हणाली. "सालभर ऐकून राहिलो. हिच्याजवर ना फोन, ना फोटू. म्हने नूतन आली का दाखवन."

धुरपताबाई वाईट नव्हती. तिची नजर तेवढी बारीक. लग्नाच्या अहेरात आलेलं लुगडं कुणाकडून कुणाकडे फिरत आलंय, हे ती काठावरून सांगायची.

नूतनने फोन काढला. रुख्माबाई शेंग सोलत राहिली, पण तिच्या बोटांचा वेग कमी झाला होता. नूतनला ते दिसलं. शेजारी बसलेल्या कुणालाही दिसलं नसतं.

घराचा दर्शनी भाग. काळ्या लाकडाच्या उभ्या पट्ट्यांची जाळी. मोठी खोली. जिना, ज्याच्या प्रत्येक पायरीखाली कपाट होतं.

"अव बाई, पायरीत कपाट!" कुंता म्हणाली. "हे तं काकीनं सांगतलंच नाई."

"काय काय सांगू?" रुख्माबाई म्हणाली. "याद राह्यते काय सारं?"

वीरेंद्र आणि साकामोतो जिन्यापाशी. साकामोतो बाई आचलला घेऊन. नूतन खिडकीत. पुन्हा वीरेंद्र.

"तू कोठी आहेस व रुख्मा?" धुरपताबाईने विचारलं. "सारे जन आहेत, तूच नाई."

"फोटू कोन काढून राहिला होता मंग?"

"तू?" धुरपताबाईने सूप बाजूला सारलं. "तुले घरचा फोन उचलता येत नाई, आन् फोटू काढले?"

"आईनंच काढले," नूतन म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच घाईचा वाटला. "मी लावून दिलं होतं. नुसतं दाबायचं असतं."

"मंग झुल्याचा दाखव."

सगळ्या पुढे सरकल्या. कुंताने तर आचलला खाली ठेवलं. चांदीच्या कड्यांचा झुला. वर्षभर ज्याच्यावर शेठाणीला बसवलं होतं, तो झुला.

"झुल्याचा फोटो काढू देत नव्हते," नूतन म्हणाली. "पाटी होती तशी."

"हो, पाटी होती," रुख्माबाई लगेच म्हणाली. "लाल पाटी."

खोटं बोलताना नूतनच्या मानेला नेहमी घाम यायचा, तसा आत्ता आला. आईच्या मात्र चेहऱ्यावर काही नव्हतं. उलट लेक मदतीला आली म्हणून ती जराशी सैलावून बसली. लाल पाटी ही तर तिच्याच मनातली भर.

"बरं, दे इकडं," म्हणत धुरपताबाईने फोन हातात घेतला. तिच्या नातवाने तिला बोट फिरवायला शिकवलं होतं. ती एक-एक फोटो सरकवत गेली. नूतनला वाटलं, आता संपतील. मग तिला आठवलं, साकामोतो बाईंनी दुसऱ्या दिवशी पाठवलेला फोटो त्यांच्यापुढेच आहे.

"ही तं तूच व!"

तो घराच्या आतून, लाकडी जाळीतून काढलेला होता. पट्ट्यांच्या फटीतून बागेतली दगडी पायरी दिसत होती, आणि तिच्यावर पाठमोरी रुख्माबाई. वीरेंद्रचं निळं जाकीट, डोक्यावर पदर. पाय पुढे, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात. शेजारी एक म्हातारा जपानी उकिडवा बसलेला. दोघांच्या हातात काहीतरी होतं.

साकामोतो बाईंनी फोटोसोबत एक ओळ लिहिली होती. तुमच्या आईंचे हात फार सुंदर आहेत. नूतनने त्यावर एक हसरा चेहरा पाठवला होता आणि तो फोटो आईला कधीच दाखवला नव्हता.

रुख्माबाईने मान लांब करून फोटो पाहिला. पहिल्यांदाच. तिचे ओठ किंचित हलले.

"भायेर काऊन बसली व?" धुरपताबाई म्हणाली. "सारे आतमधी, आन् तू भायेर?"

शेंगांचा टचटच आवाज थांबला. नूतनने तोंड उघडलं. "काकी, आई त्या दिवशी..."

"गुडघे दुखत होते," रुख्माबाई म्हणाली. तिने हात गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. "आतमधलं सारं पाह्यलं, फिरली, मंग गुडघे दुखाले लागले. म्हनलं बसतो जराशी भायेर."

"तुले?" धुरपताबाई म्हणाली. "मागच्या महिन्यात तं धानाची अख्खी बांधी एकटीनं कापून आली. तुले कवा पासून गुडघे झाले?"

"तिकडची थंडी होती व. त्या थंडीत कोनाचेबी दुखतीन."

नूतन आईच्या हाताकडे पाहत राहिली. गुडघ्यावर तो तसाच ठेवलेला होता, जसा नूतनने त्या दिवशी तिकिटाच्या बाईपुढे स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला होता.

त्या दिवशी सगळे बाहेर आले तेव्हा रुख्माबाई पायरीवरून हळू उठली होती, एक हात गुडघ्यावर देऊन. गाडीपर्यंत लंगडत गेली होती. साकामोतो बाईंनी तिला दंडाला धरून नेलं होतं आणि ती त्यांच्याकडे पाहून कण्हली होती. नूतनने तेव्हा स्वतःला समजावलं होतं की थंडीने पाय आखडले असतील. घरी पोहोचल्यावर मात्र आई आचलला उराशी घेऊन तीन मजले लिफ्टविना चढली होती. तेव्हाही नूतनने काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर मिळालं असतं.

"पोरगी सालं गिरून राहिली व नूतन, पाह्य," रुख्माबाई म्हणाली. नूतन उठली. आचलच्या तोंडात बोट घालून तिने साल काढलं. तिला खूप वेळ लागला.

बायका गेल्या तेव्हा उन्हं अंगणातून घरामागच्या सांदवाडीकडे उतरली होती. बकाराम बैलांना पाणी दाखवायला गेला होता. रुख्माबाई सोललेल्या दाण्यांतून किडके वेचत होती. नूतन तिच्यासमोर बसली आणि तीही वेचू लागली. काय बोलायचं ते तिने तीनदा मनात जुळवलं होतं, आणि दर वेळी ते एखाद्या अर्जासारखं वाटत होतं.

आई आधी बोलली. आवाज खाली आणून, आत कुणी झोपलं असल्यासारखा.

"आतमधी खरंच काय होतं व?"

"कुठं?"

"शेठच्या घरी. म्या सांगतलं त्यात कोठी चुकली काय? उद्या मुर्रीची मावशी येते. तिची सून कॉलेजवाली आहे. तिनं काई पाह्यलं असन फोनमधी, तं तुही फजिती नको."

नूतनचा हात दाण्यांत थांबला. आई स्वतःच्या नाही, लेकीच्या फजितीची काळजी करत होती.

"झुला नव्हता, आई."

"नव्हता?" रुख्माबाईला खरोखर आश्चर्य वाटलं. "एवढा मोठा तांदराचा शेठ, आन् झुला नाई? मंग शेठानी बसे कोठी?"

"खालीच. चटईवर."

"अगाई." तिने मान हलवली, बिचारीची कीव आल्यासारखी. "मंग झुला काढून टाकू काय? पर आता सारं गाव झुला झुला करते."

"राहू दे झुला."

"आन् चटया किती?"

"असतील बारा-पंधरा."

"म्या तं उगाच चाळीस केल्या," रुख्माबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. नूतनला हसू आलं नाही. "आन् आखीन? मोठमोठ्या ढोल्या असतीन ना धानाच्या?"

नूतन आठवू लागली. जिन्यातली कपाटं आठवत होती, कारण त्यांचा फोटो होता. तराजू होता का? देवघर कुठल्या बाजूला होतं? गाइड काय सांगत होता? सव्वा तास ती त्या घरात होती. पण साकामोतो बाईंच्या चेहऱ्यावर अजून राग आहे का, हे पाहण्यात तिचा निम्मा वेळ गेला होता. आणि मग ती जाळी आली होती.

"मला नाही आठवत, आई," ती म्हणाली. "जाळीतून तू दिसत होतीस. तेवढंच आठवते."

रुख्माबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. एक किडका दाणा उचलला, फेकला. मग उठून आत गेली. आत कोपऱ्यात माणसाएवढी बांबूची ढोली होती, शेणाने लिंपलेली, यंदाच्या धानाने भरलेली. तिच्या मागे हात घालून तिने काहीतरी काढलं आणि पदरात धरून आणलं.

तणसाचा दोर होता. हातभर लांब, जाडजूड, मध्ये एक मोठी गाठ.

"एवढा त्या बुढ्यानं वळला," तिने एक बाजू दाखवली, "आन् एवढा म्या. तो त्याईच्या नव्या सालासाठी दोर वळत बसला होता. आपल्यासारखाच, पर उलटा. मी म्हनतो, अरे बाबा, असा नाई, अशानं उकलन तो. आन् तोबी त्याच्या बोलीत मले तेच सांगून राहिला, का बाई, तुह्या हातानं उकलन. दोघंबी आपलंच खरं करत बसलो." तिने दोराची गाठ चाचपली. "मंग दोन्ही जोडाले गेलो तं जुळेच ना. त्याचा पीळ इकडं, माहा तिकडं. मंग त्यानं ही गाठ मारली. लय हासला. त्याले एक दात होता."

"तुझे पाय ओले होते."

"त्यानंच तणीस आनून टाकली पायावर. गरम राह्यते तणीस. त्याले मालूम होतं." ती दोर हातात फिरवत राहिली. "तांदूर त्याईचाबी मोठा आहे. तणीस पाह्यली का समजते."

नूतनने कधी आईला तिकडच्या कशाबद्दल असं बोलताना ऐकलं नव्हतं. झुल्याबद्दल बोलतानासुद्धा नाही. झुला सांगताना ती बायकांकडे पाहायची, कोण हसतंय ते बघायची. आत्ता ती कुणाकडेच पाहत नव्हती.

"हे कुणाला सांगितलं नाहीस?" नूतनने विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"हे सांगाचं म्हनलं तं मी भायेर काऊन बसली होती, ते पयले सांगावं लागते ना," रुख्माबाई म्हणाली, मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तितक्या साधेपणाने. "मंग लोक तुलेच बोलतीन. परदेशात नेली आन् दारात बसवली म्हनतीन."

"आई, त्या दिवशी मी..."

"बाबा आले वाटते. च्या मांड," रुख्माबाई म्हणाली, आणि दोर पुन्हा ढोलीमागे ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुर्रीची मावशी ऑटोने आली, सोबत तिची सून आचल. तिचंही नाव आचल निघाल्यामुळे पहिली दहा मिनिटं त्यातच गेली. नूतनने अंगणात गडवा भरून नेला. मावशीने ऐसपैस पाय धुतले, टाच दगडावर घासली. सुनेने नुसती बोटं ओली केली आणि नूतनकडे पाहून ओशाळं हसली. नूतनने तिच्या पायांवर उरलेलं पाणी ओतलं.

चहा झाला. लहान आचल मोठ्या आचलच्या बांगड्या ओढू लागली. मावशीने पाठ भिंतीला टेकवली.

"हं, सांग आता रुख्मा. ते जपानच्या शेठचं. आमच्या इकडं पोचली गोष्ट, पर तुह्या तोंडून ऐकाची आहे."

रुख्माबाईने पदर सारखा केला. तिने तोंड उघडायच्या आत नूतन बोलली. रात्रभर ती ह्या एका वाक्यापाशी येऊन थांबत होती, आणि आता ते निघालं तेव्हा तिच्या मानेला घाम नव्हता.

"आई, आधी ते बाहेरचं सांग ना. दोराचं. ते म्हातारे बाबा होते ना पायरीवर..."

रुख्माबाईने तिच्याकडे पाहिलं. नूतन लहानपणी पाहुण्यांसमोर घरातलं भलतंच काही बोलून गेली की आई अशी पाहायची. त्यात राग नसायचा, धाक नसायचा. नुसतं 'नाही' असायचं.

"कोनता दोर व?" मावशीने विचारलं.

"काई नाई. ते रस्त्यावरचं कायतरी," रुख्माबाई म्हणाली. तिने पाय जवळ घेतले, लुगड्याखाली झाकले. "तं आतमधी गेल्याबरोबर पयले मोठी खोली. एकदम मोठी. खाली चटयाच चटया." मग ती थांबली. कॉलेजवाली सून ऐकत होती. रुख्माबाईने हळूच लेकीकडे वळून विचारलं, "किती होत्या व नूतन?"

मावशीने नूतनकडे पाहिलं. सुनेनेही पाहिलं.

"चाळीस," नूतन म्हणाली.